‘लोकांचा’ वकील आणि महानगराची कादंबरी

महानगरावर कादंबरी लिहूं पाहणाऱ्या लेखकापुढें पहिली अडचण येते ती स्थळाची. लक्षावधि माणसें एका शहरांत राहत असलीं तरी तीं एकमेकांस भेटतातच असें नाहीं. सावकार आपल्या पेढीवर, मजूर आपल्या वस्तींत, आणि दोघांच्या मधून आगगाडी धांवत असते. या सर्वांस एका छपराखालीं आणून एकमेकांसमोर उभें करील अशी जागा कोणती? डिकन्सपासून अनेक कादंबरीकारांनीं या प्रश्नाचें एक उत्तर दिलें आहे. तें म्हणजे न्यायालय. अमेरिकन लेखक टॉम वुल्फ यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ या आपल्या पहिल्याच कादंबरींत हेंच उत्तर स्वीकारलें. परंतु न्यायासनावरील न्यायाधीश आणि पिंजऱ्यांतील आरोपी यांच्या जोडीला त्यांनीं एका तिसऱ्या माणसाला पुढें आणलें, आणि तो तिसरा माणूसच या कथेचें चाक फिरवितो. हा माणूस म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे लोकांनीं मतें देऊन निवडलेला फिर्यादी वकील. या कादंबरीच्या भाषेविषयीं व उपहासाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिनें या एका अधिकाऱ्याचें जें चित्र काढलें तें कितपत खरें आहे, आणि तें काढतांना लेखकाच्या दृष्टीआड काय राहिलें, एवढाच प्रश्न येथें विचारासाठीं घेतला आहे.

आपल्या वाचकांस सरकारी वकील परिचयाचा आहे. शासन त्याची नेमणूक करतें, पोलिसांनीं तयार केलेलें प्रकरण तो न्यायालयापुढें मांडतो, आणि मतपेटीशीं त्याचा कांहीं संबंध नसतो. न्यूयॉर्कमधील प्रकार सर्वस्वी निराळा. त्या राज्याच्या १८४६ च्या घटनेनें हें पद लोकनियुक्त केलें, आणि तेव्हांपासून प्रत्येक काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग, आपला फिर्यादी वकील स्वतः निवडीत आली आहे. हल्लीं त्याची मुदत चार वर्षांची असते. १ जानेवारी १८९८ रोजीं मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स व स्टॅटन आयलंड हे पांच भाग मिळून आजचें न्यूयॉर्क शहर बनलें. मेयर एक झाला, पोलिसखातें एक झालें. परंतु काउंट्यांच्या जुन्या सीमा पुसल्या गेल्या नाहींत. १९१४ सालीं ब्राँक्स ही स्वतंत्र काउंटी झाली, आणि तेव्हांपासून या एका शहराला पांच डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी आहेत. २०२० च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८८ लक्षांवर भरली; त्यांपैकीं ब्रुकलिनमध्यें २७ लक्षांहून अधिक, तर स्टॅटन आयलंडवर ५ लक्षांहूनहि किंचित् कमी. तरी दोन्हीकडील वकिलाचा अधिकार कायद्यानें सारखाच. त्यांच्या कचेऱ्यांच्या खर्चाचा मोठा भार शहराच्या तिजोरीवर पडतो, पण मेयरची आज्ञा त्यांच्यावर चालत नाहीं.

या व्यवस्थेचा परिणाम असा कीं एकच गुन्हा पुलाच्या अलीकडे घडला तर एक माणूस त्याचा विचार करणार आणि पलीकडे घडला तर दुसरा. अमली पदार्थांचा व्यापार काउंटीची सीमा मानीत नाहीं हें ध्यानांत आल्यावर १९७१ सालीं या पांचांनीं मिळून नेमावयाचा एक खास फिर्यादी वकील निर्माण करण्यांत आला. इतर बाबतींत प्रत्येकाचें राज्य वेगळें. हें राज्य लहान नव्हे. धरलेल्या माणसावर आरोप ठेवावयाचा कीं नाहीं, ठेवावयाचा तर कोणता, जामिनासंबंधीं न्यायालयाकडे काय मागावयाचें, कमी गुन्हा कबूल करून घेऊन प्रकरण मिटवावयाचें कीं खटला चालवावयाचा, हें सर्व प्रथम त्याच्या कचेरींत ठरतें. गंभीर गुन्ह्यांत ग्रँड ज्युरीची संमति लागते खरी; परंतु १६ ते २३ नागरिकांची ती मंडळी बंद दाराआड बसते, तिच्यापुढें पुरावा मांडतो तो हाच वकील, आणि १२ जणांचें मत पडलें कीं आरोपपत्र तयार होतें. मग न्यायालयांत पुकारा होतो तो ‘न्यूयॉर्क राज्याचे लोक विरुद्ध अमुक’ असा. राजा नव्हे, सरकार नव्हे, तर ‘लोक’. हे ‘लोक’ म्हणजे नक्की कोण, हाच वुल्फ यांच्या कादंबरीचा खरा विषय आहे.

कथानक थोडक्यांत असें. शर्मन मॅकॉय हा वॉल स्ट्रीटवरील कर्जरोख्यांचा विक्रेता, पार्क अ‍ॅव्हेन्यूवर राहणारा धनिक गोरा गृहस्थ. मारिया नांवाच्या आपल्या प्रेयसीला विमानतळावरून घेऊन येतांना तो रस्ता चुकतो आणि ब्राँक्समध्यें शिरतो. वाटेंत आडवा पडलेला टायर, जवळ येणारे दोन कृष्णवर्णीय तरुण, मोटारींतील दोघांची गाळण, आणि त्या गोंधळांत मोटार मारियाच्या हातीं असतांना तिचा धक्का हेन्री लॅम नांवाच्या तरुणाला बसतो. तो बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पडून राहतो. रेव्हरंड बेकन नांवाचा एक पुढारी, पीटर फॅलो नांवाचा एक मद्यासक्त वार्ताहर आणि ब्राँक्सचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी एब वाइस या तिघांच्या गरजा निरनिराळ्या. परंतु त्या एका जागीं येऊन मिळतात आणि त्यांतून खटला उभा राहतो.

वाइसची निवडणूक तोंडावर आलेली आहे. त्याच्या काउंटींतील बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे आहेत, आणि त्याची कचेरी ज्यांना रोज तुरुंगांत धाडते तेहि बहुधा त्यांच्यांतलेच. आपण सर्वांस सारखेंच लेखतों हें मतदारांस दाखविण्यासाठीं त्याला एक बडा गोरा आरोपी हवा आहे. हाताखालचे लोक त्याच्या या शोधाची आपसांत थट्टा करतात, आणि मेल्व्हिलच्या कादंबरींत पांढऱ्या देवमाशाच्या मागें लागलेल्या कप्तानाचें नांव त्याला देतात. लॅरी क्रेमर हा त्याचा एक साहाय्यक. तो राहतो मॅनहॅटनमध्यें आणि कामाला येतो ब्राँक्समध्यें. भुयारी गाडींत आपल्याकडे कोणाचें लक्ष जाऊं नये म्हणून तो पायांत धांवण्याचे जोडे घालतो आणि कचेरींत वापरावयाचे कातडी जोडे वाणसामानाच्या पिशवींतून नेतो. दुपारच्या जेवणासाठीं तो व त्याचे सहकारी इमारतीबाहेर पडत नाहींत. रात्रीं उशिरापर्यंत काम असलें तर अंधार पडतांच दूर ठेवलेल्या मोटारी सर्वांनीं मिळून रांगेनें दाराशीं आणून लावावयाच्या असा त्यांचा परिपाठ आहे. ज्यांच्या नांवानें न्यायालयांत उभें राहावयाचें त्यांच्याच वस्तींत पाय ठेवण्यास भिणारे हे ‘लोकांचे’ वकील पाहून वाचकास हसूं येतें, आणि हसतां हसतां तो अस्वस्थ होतो. वुल्फ वार्ताहर म्हणून वाढलेले लेखक. जोडे, पिशवी, जेवणाचे पुडे अशा वस्तूंतून एक अख्खी संस्था उभी करण्याची त्यांची हातोटी येथें पूर्णपणें प्रगट झाली आहे.

या कादंबरीचा दुसरा मोठा गुण तिच्या हिशेबांत आहे. न्यायालयाच्या देखाव्यास भुलणारे लेखक प्रत्येक आरोपीचा खटला चालतो असें गृहीत धरतात. वुल्फ तसें धरीत नाहींत. जितकीं प्रकरणें येतात तितके खटले चालविण्यास न्यायाधीश नाहींत, खोल्या नाहींत, दिवस नाहींत. म्हणून बहुतेक प्रकरणें कबुली घेऊन किंवा सोडून देऊन निकालांत काढावीं लागतात, हें क्रेमर पहिल्यापासून जाणतो. तळघरांतील कोठड्यांतून माणसें येत राहतात आणि यंत्र त्यांना गिळीत राहतें. ‘लॉ अँड ऑर्डर’ ही १९९० सालीं सुरू होऊन २०१० पर्यंत अखंड चाललेली आणि २०२२ मध्यें पुन्हां सुरू झालेली दूरचित्रवाणीवरील मालिका याच शहराच्या फिर्यादी वकिलांवर आहे. परंतु तींत तासाभरांत गुन्हा, तपास आणि खटला आटोपतो, आणि निवडून आलेला वकील खुर्चींत बसून चार शहाणपणाचे शब्द बोलतो. तिच्या तुलनेनें वुल्फ यांचें चित्र कितीतरी अधिक सत्यनिष्ठ आहे. क्रेमरच्या कंटाळ्याचें मूळ या यंत्रांतच आहे, आणि मॅकॉयचें प्रकरण हातीं येतांच त्याला झालेला हर्षहि त्या कंटाळ्यांतूनच उपजलेला आहे.

अमेरिकन कादंबरींत असा वकील प्रथमच आला असें मात्र नाहीं. थिओडोर ड्रायझर यांच्या ‘अ‍ॅन अमेरिकन ट्रॅजेडी’ (१९२५) या कादंबरींत, जिला १९०६ सालच्या एका खऱ्या खून-खटल्याचा आधार आहे, ऑर्व्हिल मेसन नांवाचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी आहे. त्याची काउंटी ग्रामीण. त्याची मुदत संपत आलेली. त्याला न्यायाधीशाच्या जागेवर निवडून यावयाचें आहे, आणि खटला निवडणुकीपूर्वीं उभा राहावा अशी त्याची धडपड चाललेली आहे. त्याचा एक साहाय्यक तर मृत मुलीचे केस आरोपीच्या कॅमेऱ्यांत अडकवून पुरावा पक्का करतो. तथापि मेसन आणि वाइस यांत एक भेद आहे. मेसन मुलीच्या घरीं जातो, तिच्या आईबापांचें दुःख त्याला खरोखर भिडतें, आणि त्याचा लोभ व त्याचा संताप एकमेकांत मिसळून जातात. वाइसला हेन्री लॅमच्या आईविषयीं असें कांहीं वाटत असल्याचें दिसत नाहीं. लहान काउंटींत फिर्यादी वकील मृताला व मारणाऱ्याला ओळखणाऱ्या माणसांत वावरतो. महानगरांत त्याला ओळख होते ती वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून. दोन्ही कादंबऱ्या शेजारीं ठेवल्या म्हणजे हा फरक स्पष्ट होतो, आणि वुल्फ यांचा उपहास केवळ एका भित्र्या अधिकाऱ्यावर नसून शहराच्या आकारावर आहे हें ध्यानांत येतें.

१९४० सालीं अमेरिकेचे त्या वेळचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनीं केंद्र सरकारच्या फिर्यादी वकिलांपुढें केलेल्या भाषणांत या पदाच्या धोक्याचें निदान केलें होतें. गुन्हा घडल्यावर तो करणाऱ्याचा शोध घेणें हा सरळ मार्ग. परंतु आधीं माणूस निवडावयाचा आणि मग त्याला लागू पडेल असा गुन्हा कायद्यांतून हुडकावयाचा, हा या अधिकाराचा सर्वांत भयंकर दुरुपयोग होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वाइसची गोष्ट म्हणजे या निदानाचें दृष्टान्तरूप होय. मॅकॉय मनुष्य म्हणून त्याला ठाऊकहि नसतो तेव्हांपासून त्याच्यासाठीं जागा राखून ठेवलेली असते. पुढें साक्षीला लावलेलें वळण उघडकीस आल्यावर न्यायाधीश कोव्हिट्स्की आरोपपत्र रद्द करतो, जमाव खवळतो, आणि उपसंहारांत आपणांस कळतें कीं पुढील निवडणुकींत हा न्यायाधीशच पडला, तर मॅकॉय, लॅमच्या मृत्यूनंतर, पुन्हां न्यायालयाच्या दारांत उभा आहे. ज्यानें ‘नाहीं’ म्हटलें त्याला मतदारांनीं घरीं बसविलें, हा लेखकाचा निर्णय आहे. लोकांच्या मतांवर न्याय टांगला कीं न्यायाचें काय होतें याचें याहून कठोर उत्तर देणें कठीण.

तथापि येथेंच शंका उत्पन्न होते. लोकांची आरडाओरड नेहमीं मॅकॉयसारख्याच्याच विरुद्ध उठते काय? कादंबरी प्रसिद्ध होऊन दोन वर्षें झालीं न झालीं तोंच, एप्रिल १९८९ मध्यें, मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कमध्यें धांवण्यास गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर अमानुष अत्याचार झाला. हार्लेमकडील १४ ते १६ वर्षांच्या पांच कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या मुलांस पकडण्यांत आलें. शहर खवळून उठलें. डोनाल्ड ट्रम्प यांनीं चार वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन देहान्त शिक्षा परत आणण्याची मागणी केली. डीएनएचा पुरावा पांचांपैकीं एकाशींहि जुळत नव्हता. तरी मुख्यतः पोलिसांपुढील कबुलीजबाबांच्या आधारें १९९० मध्यें तीं मुलें दोषी ठरलीं. त्या वेळीं मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी होते रॉबर्ट मॉर्गेनथॉ. म्हणजे जनक्षोभ, मथळे आणि फिर्यादी वकील या वुल्फ यांनीं वर्णिलेल्या तीनहि गोष्टी तेथें हजर होत्या. फक्त पिंजऱ्यांत उभीं होतीं तीं माणसें दुसऱ्या बाजूचीं होतीं. वुल्फ यांनीं यंत्र अचूक ओळखलें. तें बहुधा कोणत्या दिशेनें फिरतें हें सांगतांना मात्र त्यांनीं अपवाद निवडला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध आणखी विचार करण्याजोगा आहे. २००२ सालीं तुरुंगांत असलेल्या दुसऱ्याच एका गुन्हेगारानें हें कृत्य आपण एकट्यानें केल्याचें कबूल केलें, आणि त्याचा डीएनए जुळला. तेव्हां ८३ वर्षांचे मॉर्गेनथॉ त्याच पदावर होते. त्यांच्याच कचेरीनें नव्यानें तपास करून, आपणच मिळविलेल्या शिक्षा रद्द कराव्या अशी न्यायालयाला विनंति केली, आणि डिसेंबर २००२ मध्यें त्या रद्द झाल्या. पोलिसखात्यानें नेमलेल्या समितीनें पुढें निराळा सूर काढला, तरी कचेरी आपल्या निर्णयावरून हटली नाहीं. मुलांचीं गेलेलीं वर्षें यामुळें परत आलीं नाहींत, आणि त्या कचेरीच्या पहिल्या वर्तनाचें समर्थनहि यानें होत नाहीं. परंतु फिर्यादी वकिलाचें सर्वांत कठीण कर्तव्य कोणतें हें येथें दिसून आलें. आरोप मागें घेणें, ‘हा खटला आम्ही चालविणार नाहीं’ किंवा ‘आमच्या हातून हें चुकीचें घडलें’ असें न्यायालयांत उभें राहून सांगणें, हें तें कर्तव्य होय. त्या पांचांपैकीं एक, युसेफ सलाम, २०२३ च्या निवडणुकींत हार्लेममधून शहराच्या कौन्सिलवर निवडून आले. ज्या ‘लोकां’नीं त्यांच्यावर फिर्याद केली होती त्यांनींच त्यांना मतें दिलीं.

मतपेटी न्यायाची केवळ शत्रूच आहे हा वुल्फ यांचा निष्कर्षहि तपासून पाहिला पाहिजे. मॅनहॅटनमध्यें १९४२ पासून १९७३ पर्यंत फ्रँक होगन आणि १९७५ पासून २००९ पर्यंत मॉर्गेनथॉ; मधलें थोडकें अंतर सोडल्यास ६८ वर्षांत दोनच माणसें. नांवाला निवडणूक, पण व्यवहारांत जवळजवळ तहहयात सत्ता. याच्या उलट ब्रुकलिनमध्यें १९९० पासून पदावर असलेले चार्ल्स हाइन्स यांना २०१३ सालीं पक्षांतर्गत निवडणुकींत केनेथ थॉम्प्सन यांनीं हरविलें. निरपराध माणसें शिक्षा भोगीत असल्याचीं जुनीं प्रकरणें हा त्या लढतींतील एक मुख्य विषय होता. थॉम्प्सन यांनीं २०१४ मध्यें जुन्या शिक्षा पुन्हां तपासणाऱ्या शाखेला बळ दिलें, आणि २०१६ सालीं त्यांचा अकालीं मृत्यु होईपर्यंत वीसांहून अधिक शिक्षा रद्द झाल्या. तुरुंगांतल्या माणसाला मत नसतें. तरी त्याची बाजू घेऊन निवडणूक जिंकतां येते हें ब्रुकलिनच्या मतदारांनीं दाखविलें. वाइसच्या ब्राँक्समध्यें अशा मतदाराला जागा नाहीं.

स्थानिक वकिलाची स्थानिकता सर्वत्र हितकरच ठरते असेंहि नव्हे. १९९६ सालीं ब्राँक्समध्यें एका पोलिसाचा खून झाला. तेथील डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी रॉबर्ट जॉन्सन यांचा देहान्त शिक्षेला विरोध सर्वश्रुत होता, आणि तो माहीत असूनच मतदारांनीं त्यांना पुन्हां निवडलें होतें. गव्हर्नर पटाकी यांनीं तें प्रकरण त्यांच्याकडून काढून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे दिलें, आणि १९९७ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें गव्हर्नरांचा अधिकार मान्य केला. १७ जुलै २०१४ रोजीं स्टॅटन आयलंडवर एरिक गार्नर हा कृष्णवर्णीय गृहस्थ पोलिसांनीं मान आवळल्यावर मरण पावला. डिसेंबरांत तेथील ग्रँड ज्युरीनें पोलिसावर आरोप ठेवण्यास नकार दिला. बंद दाराआड काय घडलें हें लोकांना कळलें नाहीं, आणि रोज पोलिसांच्या साहाय्यानें काम करणारा वकील पोलिसावरच फिर्याद कशी करणार, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. २०१५ मध्यें गव्हर्नरांच्या आज्ञेनें, आणि पुढें कायद्यानें, पोलिसांच्या हातून घडलेल्या अशा मृत्यूंचा तपास राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे गेला. पहिल्या प्रसंगीं काउंटीची सदसद्विवेकबुद्धि राज्यानें बाजूस सारली. दुसऱ्या प्रसंगीं काउंटीची जवळीक हाच दोष ठरला. एकाच शहरांतील हे दोन अनुभव परस्परविरुद्ध आहेत, आणि एका वाइसच्या चित्रांत ते दोन्ही मावत नाहींत.

वुल्फ यांचा बडा आरोपी मात्र केवळ कल्पनेंत राहिला नाहीं. २०२१ सालीं निवडून आलेले मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी अ‍ॅल्विन ब्रॅग यांच्या कचेरीनें माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर व्यवसायाच्या खोट्या नोंदींबद्दल खटला भरला. ३० मे २०२४ रोजीं ज्युरीनें त्यांना ३४ आरोपांवर दोषी ठरविलें. त्याच वर्षीं ते पुन्हां राष्ट्राध्यक्ष निवडले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायाधीशांनीं कोणतीहि शिक्षा न देतां प्रकरण संपविलें. कायदा सर्वांस समान आहे याचा हा पुरावा, असें एका पक्षानें म्हटलें. माणूस आधीं निवडला व गुन्हा मागाहून शोधला, असें दुसऱ्यानें. दोन्ही पक्षांना आपापली भाषा ८४ वर्षांपूर्वींच्या जॅक्सन यांच्या भाषणांत आणि ३७ वर्षांपूर्वींच्या या कादंबरींत सांपडूं शकली असती. निवडणुकीनें आलेल्या वकिलानें बड्या माणसाला हात लावला तर हेतूची शंका येणार, आणि न लावला तर भीतीची. या पेचांतून त्याची सुटका नाहीं. हा पेच इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणें ओळखल्याबद्दल वुल्फ यांना श्रेय दिलेंच पाहिजे.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें मुख्य आक्षेप. कादंबरी प्रथम १९८४-८५ मध्यें ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हां तिचा नायक लेखक होता. पुस्तकरूप देतांना वुल्फ यांनीं त्याला कर्जरोख्यांचा विक्रेता केलें. कथेच्या दृष्टीनें हा बदल योग्यच ठरला, कारण मासा मोठा झाला. पण वाइसनेंहि तेंच केलें असतें. हेन्री लॅम पुस्तकभर बेशुद्ध आहे. तो एक वाक्य बोलत नाहीं, आणि तो कसला मुलगा होता हें आपणांस त्याच्या शिक्षकाला विचारून वार्ताहरानें फुगविलेल्या बातमीवरून कळतें. कोठड्यांतून येणारीं माणसें एक दोन पानें दिसतात आणि यंत्रांत नाहींशीं होतात. ज्याच्या मनांत आपण सहाशेंहून अधिक पानें राहतों, ज्याच्या अपमानानें आपण व्याकुळ होतों, तो एकटा मॅकॉय. ब्राँक्सच्या वकिलाला आपल्या काउंटींतील हजारों आरोपींत रस नाहीं, त्याला एकच हवा आहे, म्हणून लेखक त्याला हसतो. आणि मग स्वतःहि त्या हजारोंना वगळून त्याच एकाची कथा सांगतो. उपहासकार आणि उपहासविषय यांची दृष्टि येथें एक झाली आहे.

यावरून ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ ही असत्य कादंबरी ठरते असें नाहीं. फिर्यादी वकील निवडणुकीचा भुकेला असतो तेव्हां काय घडतें याचें इतकें तपशीलवार आणि निर्भय चित्र इंग्रजी कादंबरींत दुसरें क्वचितच सांपडेल, आणि ज्या समाजाला न्याय लोकांच्या जवळ आणावा असें वाटतें त्यानें तें अवश्य वाचावें. परंतु महानगराची सेवा करणारा वकील त्यांत नाहीं. तो मोठ्या खटल्यांत क्वचितच दिसतो. पोलिसांनीं आणलेला कच्चा कागद परत करणारा, चौदा वर्षांच्या मुलाची कबुली पुन्हां एकवार वाचून पाहणारा, बारा वर्षांपूर्वीं आपल्याच कचेरीनें जिंकलेल्या खटल्याची फाइल उघडणारा, अशा माणसाच्या कामाला मथळा मिळत नाहीं आणि बहुधा मतेंहि मिळत नाहींत. त्याची कादंबरी लिहावयाची तर लेखकाला मॅकॉयच्या दिवाणखान्यांतून उठून त्या कोठड्यांपाशीं बसावें लागेल आणि तेथील एकेकाचें नांव विचारावें लागेल. न्यूयॉर्कला असा कादंबरीकार मिळो. वुल्फ यांनीं त्याच्यासाठीं इमारत बांधून ठेवली आहे.